रानडुकरांसाठी लेझरचं कुंपण कुणी करून बघितलंय का?

शेतकरी_गडी: भुईमुगात रोज रात्री डुकरं घुसतायत, राखण करून जीव मेटाकुटीला आलाय. ते ५ मिलिवॉटचं लाल लेझर आणि समोर एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) लावून किरण तुटला की भोंगा वाजवायचा, असं जमेल का? बांध ६० मीटरचा आहे.

सर्किटवाला: जमतं पण डोकेदुखी आहे भाऊ. एवढ्या अंतरावर खांब जरा हलला, वाऱ्याने म्हणा, की ठिपका सेन्सरवरून सरकलाच आणि मग रात्रभर भोंगा. एलडीआर काळ्या नळीत आत बसव म्हणजे बाजूचा उजेड येत नाही. त्यापेक्षा डबल बीमचा इन्फ्रारेड सेन्सर घे, दोन्ही किरण एकदम तुटले तरच वाजतो, पान पडलं किंवा वटवाघूळ गेलं तर नाही. आणि गुडघ्याच्या खाली लाव, डुक्कर ठेंगणं असतं.

बांधावरचा: आमच्याकडे भोंग्याला आठवड्यात सरावली, वाजतोय तोवर खातायत निवांत 😂 शेवटी झटका मशीनच लावलं, कुंपणाच्या तारेला हलका विजेचा झटका देणारं.

शेतकरी_गडी: मग भोंगा घरात ठेवतो, मला उठवायला. हाकलायला मी आणि कुत्रा.

सर्किटवाला: हां, हे बरंय. लेझरच लावलंस तर पोरांना त्यात बघू देऊ नको बाबा.