छताचा गुलाबी रंग वाळून पांढरा झाला, पण एक रेघ हटेना

एडिसनकर:
मंडळी, बेसमेंटच्या छताला तो ओला असताना गुलाबी आणि वाळला की पांढरा होणारा रंग दिला. पांढऱ्यावर पांढरा मारताना कुठं राहिलं ते कळावं म्हणून ही सोय. तासाभरात सगळं पांढरंशुभ्र झालं, फक्त गेल्या आठवड्यात सिमेंटने भेग बुजवली तिथं हातभर गुलाबी रेघ! चार दिवस झाले. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "कुंकू उडालं का रे तिथं?" डबा खराब की माझा हात?

निवृत्त_मास्तर:
दोन्ही ठीक आहेत, सिमेंट कोवळं आहे. असल्या रंगात फिनॉल्फ्थॅलीनसारखा दर्शक, म्हणजे आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ, घालतात. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटखालच्या फ्लास्कमध्ये थेंब टाकायचात, तोच. पीएच म्हणजे अल्कली किती ते सांगणारा आकडा; तो ८.२ च्या खाली असला की रंगहीन, १० च्या आसपास गर्द गुलाबी. डब्यातला रंग अल्कलीयुक्त असतो. लावल्यावर अमोनियासारखा उडणारा भाग निघून जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, पीएच उतरतो आणि गुलाबी जातो. ताज्या सिमेंटचा पीएच मात्र १२-१३! तुमच्या रेघेला मागून अल्कलीचा रतीब चालू आहे.

आईंचं फारसं चुकलेलं नाही हो. हळदीत चुना कालवला की लाल कुंकू होतं, तेही पीएचचंच काम.

खात्री करायची तर कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावून बघा.

एडिसनकर:
लावलं. मिनिटात गायब! पण आज सकाळी पुन्हा हजर, जरा फिकट.

निवृत्त_मास्तर:
येणारच. वरची अल्कली मेली, आतली ओलीबरोबर पुढं सरकली. पुसत बसू नका.

सिव्हिलवाला_ठाणे:
साइटवर आम्ही हेच फिनॉल्फ्थॅलीन जुन्या काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फवारतो. गुलाबी झालं तर काँक्रीटमध्ये अजून अल्कली आहे, सळईला कवच आहे. सळईपर्यंत रंगच उठला नाही तर गंजाची काळजी. म्हणजे तुम्हाला नको असलेला गुलाबी आम्ही शोधत हिंडतो!

सिमेंटला निदान २८ दिवस द्या, कोरडं होऊ द्या. मग अल्कली-रोधक प्रायमर, त्यावर रंग. घाई केलीत तर रंगाला पोपडे धरतील.

एडिसनकर:
२८ दिवस? दिवाळीचे पाहुणे त्याच्या आधी येऊन बेसमेंटातच झोपणार आहेत. गाद्या दुसऱ्या भिंतीकडे सरकवतो.