सल्ला हवा: सोलापूरच्या उन्हाळ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड कसे साठवावे?

रसायनशिक्षिका

नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमची प्रयोगशाळा शेवटच्या मजल्यावर असून वर थेट गच्ची आहे, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी रॅकवरच्या बाटल्यासुद्धा हाताला कोमट लागतात. गेल्या आठवड्यात साठ्याची नोंदवही तपासताना 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली मागच्या फळीवर सापडली. तिचा तळ फुगून बाहेर आला होता आणि त्यामुळे ती फळीवर डुगडुगत होती. आमच्या परिचरांनी झाकण थोडे सैल करताच फस्स असा आवाज झाला आणि काही थेंब त्यांच्या बोटांवर उडाले. बोटांची टोके लगेच पांढरीफटक पडली व तासभर चुणचुणत राहिली. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावले.

याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल प्रोसेसिंगचा व्यवसाय असलेल्या एका पालकांनी महाविद्यालयाला 50 टक्के पेरॉक्साइडचा 5 लिटरचा कॅन भेट दिला आहे. भावना चांगली आहे, परंतु एवढे पेरॉक्साइड उन्हाळाभर कुठे व कसे ठेवावे, जुन्या बाटलीतील द्रावण अजून कामाचे आहे का, आणि नसल्यास त्याची विल्हेवाट कशी लावावी, याबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

प्रोसेसवाला

मॅडम, मी प्रोसेस हाऊसच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि आमच्याकडे हे रसायन रोजच्या वापरातले आहे, म्हणून आधी कॅनविषयी लिहितो. तो परत पाठवा. पालकांचा मान राखून सांगता येईल. ब्लीचिंगच्या एका खेपेत आम्ही जे सहज संपवतो ते तुम्हाला दहा वर्षे पुरेल, आणि पेरॉक्साइड दहा वर्षे थांबत नाही. 50 टक्के पेरॉक्साइडचे एक लिटर पूर्ण विघटित झाले, म्हणजे पाणी व ऑक्सिजनमध्ये फुटले, तर साधारण 200 लिटर ऑक्सिजन सुटतो, म्हणजे त्या एका कॅनमध्ये सुमारे 1000 लिटर वायू दडलेला आहे. भरीस भर म्हणजे विघटनात उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने विघटन आणखी वाढते, आणि तापमान 10 अंशांनी चढले की वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. आपल्याकडे बाहेर 42 अंश असताना गच्चीखालच्या खोलीत काय होत असेल, ते तुमच्या फुगलेल्या बाटलीने दाखवलेच आहे.

दुसरी गोष्ट लोखंडाची. टॉवेलवर गंजाचा बारीक कण राहिला आणि तो तसाच पेरॉक्साइडच्या गरम द्रावणात गेला, तर नेमक्या त्याच जागी कापडाला टाचणीएवढे भोक पडते. आम्ही त्याला पिनहोल म्हणतो आणि त्यापायी आख्खा लॉट परत आलेला मी पाहिला आहे. लोह, तांबे, मँगनीज यांचा अंशही पेरॉक्साइडचे विघटन झपाट्याने घडवून आणतो. एखादा गंजलेला चमचा किंवा वापरलेला पिपेट बाटलीत बुडाला, तर बाटलीच्या आतही तेच होते, फक्त भोक दिसत नाही.

जुळेसोलापूरकर

आमच्या शाळेत झाकणावर चिकटपट्टी गुंडाळून बाटली घट्ट बंद ठेवतात, म्हणजे वायू उडून जात नाही आणि ताकद टिकते. बाटली फुटली तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवता येते. इतके घाबरण्याचे कारण नसावे.

निवृत्त परिचर

वरील सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढल्यानंतर एवढे ठामपणे सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो. झाकण आवळल्याने ताकद टिकत नाही; ऑक्सिजन तयार होतच राहतो, त्याची फक्त वाट बंद होते आणि दाब साठतो. म्हणूनच पेरॉक्साइडच्या मूळ बाटलीचे झाकण वायू बाहेर सोडणारे असते. ते हरवले म्हणून दुसऱ्या बाटलीचे झाकण लावायचे नाही, त्यावर चिकटपट्टी लावायची नाही आणि बाटली आडवी ठेवायची नाही. पाण्याच्या बाटलीबद्दल तर काय बोलावे? उन्हाळ्यात तहानलेला मुलगा लेबल वाचत बसत नाही.

मॅडम, जागेविषयी माझा अनुभव असा की प्रयोगशाळेतली सर्वांत गार जागा आपल्याला वाटते ती नसते. तळमजल्यावर खोली मिळत असेल तर पश्चिमेची भिंत टाळा. मी एकदा साधा थर्मामीटर दुपारी तीन वाजता प्रत्येक कपाटात दहा-दहा मिनिटे ठेवून पाहिला होता, आणि ज्या कपाटाला आम्ही थंड समजत होतो ते सर्वांत तापलेले निघाले. बाटली तपकिरी किंवा अपारदर्शक असावी, खाली प्लॅस्टिकचा ट्रे असावा आणि फळी लाकडाची नसावी. अॅसिटोन, अल्कोहोल, कागद, कापूस यांच्या शेजारी पेरॉक्साइड कधीही ठेवू नये. ते स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळते, आणि लेबलावर वर्तुळावर ज्योत काढलेली असते ती याचसाठी. फ्रीज चालतो, 30 टक्के द्रावण त्यात गोठतही नाही. मात्र तो फ्रीज केवळ रसायनांचा असावा आणि त्यात ज्वालाग्राही द्रावक नसावेत.

फुगलेल्या बाटलीबद्दल आणखी एक. तुमच्या परिचरांनी ती उघडली, ते उघडायला नको होते. बाटली गरम लागत असेल किंवा आत बुडबुडे उठताना दिसत असतील, तर खोली रिकामी करून 101 ला फोन करायचा, झाकणाला हात लावायचा नाही.

रसायनशिक्षिका

काका, आपले म्हणणे पटले आणि थोडी लाजही वाटली. जुन्या द्रावणाची ताकद तपासण्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन करावे, म्हणजे ठरावीक ताकदीचे परमँगनेट थेंबथेंब घालून किती लागते ते मोजावे, असा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

प्रोसेसवाला

योग्य ठरेल, आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखेही आहे. 1 मिलि द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याने 100 मिलि करा, त्यातले 10 मिलि घ्या, विरल सल्फ्युरिक आम्ल घाला आणि 0.1 नॉर्मल परमँगनेटने अनुमापन करा. रंग बदलून शेवट दाखवणारा वेगळा दर्शक लागत नाही. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. सुरुवातीचे काही थेंब रंग सोडायला वेळ घेतात, तेव्हा घाई करू नका. परमँगनेटचा प्रत्येक मिलि 1.701 मिग्रॅ पेरॉक्साइडशी जुळतो, त्यामुळे द्रावण खरोखर 30 टक्के (100 मिलित 30 ग्रॅम) असेल तर साडेसतरा मिलिच्या थोडे पुढे अंतिम बिंदू यावा. पेरॉक्साइड टिकण्यासाठी त्यात सेंद्रिय स्थिरक घातलेला असेल तर तोही परमँगनेट खातो आणि आकडा किंचित चढा येतो, हे लक्षात असू द्या. काढलेले द्रावण, एक थेंबही, बाटलीत परत ओतू नका.

निवृत्त परिचर

आणि पाण्याची सोय. डोळ्यात थेंब गेला तर सलग 15 मिनिटे धुवावे लागते. मिनिटाला दीड लिटर धरले तरी साडेबावीस लिटर झाले, म्हणजे 20 लिटरचा जार पुरणार नाही. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि नेमक्या वेळी टाकी कोरडी असते, हे प्रत्येक सोलापूरकराला ठाऊक आहे. नळ लावलेले 50 लिटरचे पिंप केवळ याच कामासाठी ठेवा, दर आठवड्याला पाणी बदला आणि त्यातून कोणाला फरशी पुसू देऊ नका. सांडले तर भरपूर पाण्यानेच धुवायचे. भुसा किंवा फडके टाकून टिपले तर पाणी उडून गेल्यावर तेच फडके पेट घेऊ शकते.

जुळेसोलापूरकर

काका, चिकटपट्टीचा सल्ला मागे घेतो. उद्याच शाळेतली बाटली पाहतो. बंद झाकण फुगलेले नसेल तर काय करू?

निवृत्त परिचर

बाटली गार व सरळ असेल, तर चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, हातात नायट्राइल मोजे घालून, तोंड बाजूला ठेवून आधी चिकटपट्टी काढा आणि मग झाकण अगदी हळू सैल करा. एकटे असताना करू नका. जराही फुगवटा दिसला तर वर लिहिलेलेच लागू.

रसायनशिक्षिका

पाठपुरावा लिहिते. जुन्या द्रावणाला 13.4 मिलि परमँगनेट लागले, म्हणजे ताकद सुमारे 23 टक्क्यांवर आली होती. बाटली एकदा फुगलेली असल्याने आत काय गेले असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ती वापरायची नाही असे ठरवले. उरलेले 200 मिलि द्रावण फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) दहा लिटर पाण्यात थोडे थोडे ओतून विरल केले, उघड्या बादलीत दोन दिवस ठेवले आणि मग भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडले.

कॅन पालकांच्याच टेम्पोतून, उभा बांधून, सकाळी सातच्या आत परत गेला. ते हसून म्हणाले, दुपारपर्यंत संपेलही. त्यांच्याकडून मी एकच गोष्ट मागून घेतली: पिनहोल पडलेला एक टॉवेल. तो आता प्रयोगशाळेत पेरॉक्साइडच्या कपाटाशेजारी टांगला आहे. विज्ञान दिनाला फेसाचा प्रयोग करण्याचा हट्ट धरणाऱ्या मुलांना यापुढे 6 टक्क्यांचेच द्रावण मिळेल. नवी बाटली 100 मिलिचीच मागवली असून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिण्यासाठी आधीच पांढरी पट्टी चिकटवली आहे, अर्थात झाकणावर नव्हे.