जनुकं अवयव ‘घडवतात’ म्हणावं का?

फोंड्याहून: पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात बायॉलॉजीच्या एका प्रोफेसर मॅडमचं लेक्चर आहे, पोटातल्या बाळाचं हृदय, डोळे तयार होताना जनुकं काय करतात ह्यावर त्यांचं संशोधन, आणि त्यांची मराठीत ओळख लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी लिहिलं ‘जनुके गर्भाचे अवयव घडवतात’. सर म्हणाले ‘घडवतात’ नको. मग काय लिहू?

साखळीहून: आधी गर्भाचं भ्रूण कर. माणसात साधारण पहिले 8 आठवडे भ्रूण, पुढे गर्भ, आणि बहुतेक अवयवांची मांडणी त्या 8 आठवड्यांतच होते. ‘घडवतात’बद्दल सरांचं मला पटतं. घडवणं म्हटलं की चित्रशाळेत मातीचा गणपती करणारा डोळ्यांसमोर येतो, बाहेरून हाताने आकार देणारा. जनुकं तर पेशीच्या आतच, आणि जवळजवळ सगळ्या पेशींत तीच, कुठल्या पेशीत कुठली चालू होतात त्यावर पुढे काय होणार ते ठरतं.

फोंड्याहून: मग ‘ठरवतात’ चालेल?

साखळीहून: अर्धंच चालेल. 1995 साली स्वित्झर्लंडात वॉल्टर गेरिंग यांच्या लॅबमध्ये उंदराचं पॅक्स-6 जनुक फळमाशीत भलत्याच जागी चालू केलं, तर तिच्या पायावर डोळा आला! आणि तो आला माशीचा, जाळीदार. म्हणजे उंदराच्या जनुकाने ‘इथे डोळा’ एवढंच सांगितलं, पुढचं सगळं माशीच्या आपल्या जनुकांनी केलं. चवथीला घुमट वाजवून म्हणतात त्या आरतीत एकजण पहिली ओळ उचलतो आणि बाकीचे आपल्या वाड्याच्या चालीत पुढे नेतात ना, अगदी तसं. म्हणून मी ‘चालना देतात’ म्हणेन.

पेडण्याहून: माशीतल्या ह्याच जनुकाचं नाव ‘आयलेस’, म्हणजे बिनडोळ्यांचं. ते बिघडलं की डोळे येत नाहीत म्हणून तसं नाव पडलं. ओळखीत आलं तर ‘अंधत्वाचं जनुक’ असं भाषांतर बिलकूल करू नकोस हां, काम बरोबर उलटं आहे त्याचं. आणि ‘घड’ धातू सोडायची गरज नाही, ‘घडण’ लिही, अवयव आपणच घडतो हे त्यात येतं.

फोंड्याहून: ‘भ्रूणातील अवयवांच्या घडणीला जनुके कशी चालना देतात, याचा त्या अभ्यास करतात.’ हे उद्या सरांना दाखवते. आजीला मात्र कोकणीतच सांगितलं, गुरवार (गरोदर) बायलेच्या पोटातलं बाळ म्हटल्यावर तिला लगेच कळलं.