बिचिरला फुप्फुसं आहेत, मग तो रोहू-कटल्याच्या गटात कसा काय?

टँकवाला
माझ्याकडे दोन वर्षांपासून सेनेगल बिचिर आहे, आफ्रिकेतला मासा. मधूनमधून वर येऊन हवा घेतो आणि पुढच्या दोन मांसल परांवर टेकून तळाशी बसतो, अगदी पालीसारखा. भावाच्या जुन्या झूऑलॉजीच्या पुस्तकात तो क्रॉसोप्टेरिजियन, म्हणजे मांसल परांच्या सीलाकँथ माशाच्या पंगतीला, दुसऱ्या एका पुस्तकात स्टर्जन माशासोबत कॉन्ड्रॉस्टी नावाच्या गटात, आणि नेटवर स्वतंत्रच गट दिलाय. खरं काय धरायचं?

खवले
नेटवरचं धर. जोफ्रॉय सेंट-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये नाईलमधल्या बिचिरचं वर्णन केलं तेव्हापासून हा घोळ चालूय. इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलीने १८६१ मध्ये मांसल पर बघून त्याला क्रॉसोप्टेरिजियनमध्ये टाकलं आणि तेच पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत उतरत राहिलं. पण पराच्या आत बघ ना, सीलाकँथच्या परात खांद्याला एकच हाड जोडलेलं असतं, आपल्या दंडाच्या हाडासारखं, बिचिरमध्ये तसं नाही. शिवाय खवल्यांवर गॅनॉइनचा, म्हणजे दातांच्या इनॅमलसारखा, चकचकीत थर आहे. १९२० च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ गुडरिचने हे नीट मांडलं, तो किरण-पर माशांतलाच आहे, म्हणजे ज्यांचे पर पातळ काट्यांवर ताणलेले असतात त्या रोहू-कटल्याच्या मोठ्या गटातला, फक्त त्यातली स्वतंत्र शाखा.

टँकवाला
आणि फुप्फुसं?

नदीकाठ
इथेच सगळे फसतात, मीपण फसले होते. फुप्फुस ही नंतर आलेली गोष्ट नाही, हाडांचा सांगाडा असलेल्या सगळ्या माशांच्या मूळ पूर्वजाकडेच ते होतं. रोहू-कटल्याच्या पोटात जो हवेचा फुगा असतो तो त्याचाच बदललेला अवतार, बिचिरने जुनं तसंच ठेवलं एवढंच. दोघांकडे आजोबांचीच वस्तू असेल तर त्यावरून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत, म्हणून फुप्फुसावरून त्याला बेडकांच्या जवळचा म्हणता येत नाही.

खवले
स्टर्जनसोबत ठेवणंही आता मागे पडलंय. आज जिवंत असलेल्या किरण-पर माशांत बिचिर आणि त्याचा भाऊबंद रीडफिश सगळ्यात आधी वेगळे झाले, मग स्टर्जन-पॅडलफिश, मग गार आणि बोफिन हे मासे एकीकडे आणि बाकी सगळे मासे दुसरीकडे. जुन्या जीवाश्मांचं मात्र अवघड आहे. जे कुठेच बसेना ते पॅलिओनिस्कॉइड म्हणून एका पोत्यात कोंबलं होतं, ते पोतं अजून उपसणं चालूय. २०१७ मध्ये चीनमधल्या ट्रायासिक काळातल्या (डायनासोर नुकते येत होते तेव्हाच्या) फुकांगिक्थिस नावाच्या माशाची कवटी सीटी स्कॅन करून बघितली तर तो बिचिरच्या घराण्यातला निघाला! त्यामुळे आजच्या किरण-पर माशांचा समाईक पूर्वज आधी वाटत होता त्यापेक्षा बराच अलीकडचा ठरला.

नदीकाठ
जॉन सॅम्युएल बजेट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाबद्दल पण वाच. बिचिरची अंडी मिळवायला तो आफ्रिकेत पुन्हापुन्हा गेला, १९०३ मध्ये मिळाली आणि १९०४ च्या जानेवारीत तिकडून लागलेल्या तापाने गेला, वय फक्त ३१. पिल्लांना डोक्याच्या बाजूला बाहेर पिसांसारखे कल्ले असतात. तुझ्याकडे पिल्लं झाली तर फोटो नक्की टाक.

टँकवाला
एकच आहे, जोडीदार शोधतोय. फोटो टाकेन नक्की.