बिअर ‘गाळायची’ की ‘घालायची’?

परभणीहून

माझा मावसभाऊ अमेरिकेत ओरेगनला असतो. तिकडं 1978 च्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर करायला मुभा मिळाली. आपल्याकडं परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळं माझा प्रश्न फक्त शब्दांचा आहे. त्यानं स्टाउट नावाच्या काळ्या बिअरची कृती मराठीत लिहून पाठवली अन् पहिल्याच ओळीत मी अडलो : ‘या वेळी स्टाउट कडू गाळली.’ आपल्याकडं दारू गाळतात ती हातभट्टीवर, वाफ धरून, थेंब थेंब उतरवून. बिअरमध्ये वाफेचं काही कामच नाही. मग क्रियापद कोणतं घ्यावं? अन् बिअरमध्ये हॉप नावाच्या वेलीची बोंडं टाकतात, त्यावरून आलेल्या इंग्रजी ‘हॉपी’ला त्यानं लिहिलंय तसं नुसतं ‘कडू’ चालेल का?

लातूरहून

दादा, ‘गाळणे’ नकोच. ‘सडके रसायन नष्ट केले’ ही बातमी आपण नेहमी वाचतो, ते रसायन म्हणजे भट्टीवर चढायच्या आधीचा आंबलेला माल. बिअर त्या टप्प्याच्या पुढं जातच नाही. मी ‘घालणे’ म्हणेन. लोणचं घालतो, तसं साहित्य एकत्र करून पुढचं काम दिवसांवर सोपवायचं.

कृतीत ‘सातू’ लिहिलं असेल तर तेही बदलायला सांगा. आमच्या घरी सातू म्हणजे गहू अन् डाळं भाजून केलेलं पीठ, उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवतात ते. स्टाउटला लागतो तो जव. माल्टला ‘मोडाचा जव’ म्हटलं की नाचणीचं सत्त्व करणाऱ्या बाईला लगेच कळतं : भिजवा, मोड आणा, वाळवा. पुढं भरडून साधारण 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठूळपणाची साखर होते. त्या गोड पाण्याला ‘रस’ म्हणा, उसाच्या रसासारखा.

जालन्याहून

‘कडू’बद्दल मला बोलायचंय, कारण इथं आपली भाषा फार कामाची आहे. स्टाउटमध्ये कडूपणा दोन जागांवरून येतो. एक हॉपच्या बोंडांचा, कारल्याच्या जातीचा. दुसरा काळा होईतो भाजलेल्या जवाचा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. आपण दुसऱ्याला कधीच कडू म्हणत नाही, नीट भाजलं तर ‘खरपूस’ अन् हात चुकला तर ‘करपट’. स्टाउट खरपूस हवी, करपट नको, एवढ्यात सगळं आलं.

अन् ‘हॉपी’ म्हणजे मुख्यतः वास. हॉप रसात तासभर उकळला तर कडूपणा उतरतो, पण सुगंधी तेलं उडून जातात. म्हणून वासासाठी तो शेवटच्या पाच मिनिटांत किंवा आंबवून झाल्यावर टाकतात, आपण कोथिंबीर वरून टाकतो तसा. अमेरिकेतल्या कॅस्केडसारख्या जातींना लिंबूवर्गी फळांच्या सालीचा वास असतो. आमच्या भागात मोसंबीच्या बागा आहेत, साल नखानं ओरबाडली की बोटांना जो वास राहतो तो आठवा. त्यामुळं मी ‘हॉपच्या वासाची’ असं सरळ लिहीन. ‘हॉपदार’ वगैरे घडवू नका, ते कानाला लागत नाही.

परभणीहून

ताई, दादा, दोघांचंही पटलं. वाक्य असं केलं : ‘या वेळी हॉपच्या वासाची, खरपूस स्टाउट घातली.’ भाऊ खूश आहे, पण त्यानं पुढं लिहिलं होतं, ‘दहा दिवसांत बिअर आंबली.’ हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मग फेकून दिली का?” तिचं बरोबर आहे. डाळ आंबली म्हणजे वाया गेली, पीठ आंबवलं म्हणजे मुद्दाम केलं. शिवाय आंबलेलं आंबट लागतं, अन् स्टाउट आंबट झाली तर ती बिघडलीच. पुस्तकात ‘किण्वन’ आहे, पण ते घरात कुणी बोलत नाही. मी ‘आंबवली’ ठेवलंय. एका ‘व’नं काम भागलं.