'नायब राज्यपाल' निवडून येतो का?

विचारणा:

४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याची निवडणूक झाली आणि हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. घरी बातमी वाचून दाखवताना मी सहज 'नायब राज्यपाल' असं म्हटलं. वडील लगेच म्हणाले, "नायब राज्यपालाला मतं कधीपासून मागावी लागतात?" मला उत्तर देता आलं नाही. या पदाला मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद:

वडिलांनी नेमकं दुखणं पकडलं आहे. अर्थाच्या दृष्टीने तुमचा शब्द चुकलेला नाही, उलट तो फार सुरेख जुळतो. 'लेफ्टनंट' मूळ फ्रेंच, 'जागा धरणारा' या अर्थाचा. मालक नसताना त्याच्या जागी बसून कारभार पाहणारा तो लेफ्टनंट. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला 'नायब' तेच सांगतो. तहसील कचेरीतला नायब तहसीलदार रोजच्या ओळखीचा आहे, आणि 'नवाब' हे मुळात या नायबाचंच अनेकवचन. मराठेशाहीत याच कामाला 'मुतालिक' होता. प्रधान मोहिमेवर गेले की त्यांच्या वतीने दरबारचं कामकाज तो पाही. मला हा शब्द फार आवडतो, पण आता तो आडनावापुरताच उरला आहे.

अडचण अर्थाची नाही, शब्दाला चिकटलेल्या आठवणींची आहे. आपण नायब राज्यपाल पाहिले ते दिल्लीचे, पुदुच्चेरीचे, जम्मू-काश्मीरचे. गोव्याच्या लोकांना तर ३० मे १९८७ ला घटकराज्य होण्याआधीचे स्वतःचे नायब राज्यपाल आठवतील. हे सगळे राष्ट्रपतींनी नेमलेले. त्याआधी इंग्रजी अमलातही पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर वरून नेमलेलाच असे. त्यामुळे 'नायब राज्यपाल निवडून आल्या' हे वाक्य मराठी कानाला खटकतं, आणि खटकायलाच हवं.

दुसरा प्रतिसाद:

मग 'उपमुख्यमंत्री' का नको? अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे लोकांनी थेट निवडलेला मुख्यमंत्रीच की.

पहिल्याच प्रतिसादकाचं उत्तर:

गव्हर्नरबद्दल तुमचं निरीक्षण योग्य आहे, आणि म्हणूनच मी त्याला 'राज्यपाल'ही म्हणत नाही. पण उपमुख्यमंत्री हे पद आपल्या राज्यघटनेत नाही. मुख्यमंत्री अचानक गेले तर उपमुख्यमंत्री आपोआप त्या खुर्चीवर बसत नाहीत. व्हर्जिनियात मात्र गव्हर्नरचं पद रिकामं झालं की लेफ्टनंट गव्हर्नर गव्हर्नर होतो. एरवी तो राज्याच्या ४० सदस्यांच्या सिनेटचं अध्यक्षपद सांभाळतो आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो. हे वर्णन वाचून आपल्याला कोण आठवतं? राज्यसभेचे सभापती, म्हणजे उपराष्ट्रपती.

इथेच मला वाट सापडते. आपण भारताचे 'राष्ट्रपती' म्हणतो, पण अमेरिकेचे 'राष्ट्राध्यक्ष'. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच आहे. पदं वेगळी आहेत हे ओळखून मराठीने वेगळे शब्द रुळवले. तीच शिस्त इथे पाळली तर आपले राज्यपाल, त्यांचे गव्हर्नर, आणि गव्हर्नरच्या जोडीला 'उपगव्हर्नर'. पहिल्या उल्लेखात लेफ्टनंट गव्हर्नर लिहावं, पुढे उपगव्हर्नर. नुसतं 'लेफ्टनंट' मात्र लिहू नये, वाचकाचं मन थेट सैन्याकडे जातं.

तिसरा प्रतिसाद:

'उप' लावलं की माणूस हाताखालचा वाटतो. टेक्सासमध्ये सिनेटच्या समित्या लेफ्टनंट गव्हर्नर नेमतो. तो हाताखालचा कसा?

उत्तर:

शंका रास्त आहे. व्हर्जिनियात तर या दोन पदांसाठी मतदान वेगवेगळं होतं. २००५ मध्ये गव्हर्नर निवडून आले डेमोक्रॅटिक पक्षाचे टिम केन आणि लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचे बिल बोलिंग. विरोधी पक्षाच्या माणसाला दुय्यम समजून कसं चालेल! मेरीलँडमध्ये उलट आहे. २०२२ मध्ये वेस मूर आणि हैदराबादेतच जन्मलेल्या अरुणा मिलर ही गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नरची जोडी एकत्रच निवडून आली, मतदाराने दोघांना मिळून एकच मत दिलं. म्हणजे एका नावाखाली दोन तऱ्हा. पण उपराष्ट्रपतीही राष्ट्रपतींच्या हाताखाली नसतात, तरी तो शब्द आपल्याला खुपत नाही. 'उप' म्हणजे कनिष्ठ असंच नव्हे, 'जवळचा' हाही त्याचा जुना अर्थ आहे. उपनगर आठवा.

मूळ विचारणाऱ्याकडून:

वडिलांना 'उपगव्हर्नर' पटलं. मग कॅनडाच्या प्रांतांतले लेफ्टनंट गव्हर्नर?

उत्तर:

त्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल करतात. तिथे खुशाल 'नायब राज्यपाल' लिहा.