डू-वॉप, झील आणि 'उपेक्षित' : योग्य शब्द सुचवा

रानजाई

आमच्या श्रवणमंडळाच्या पुढच्या बैठकीत मी जुने अमेरिकन व्होकल ग्रुप ऐकवणार आहे. साधारण १९४७ ते १९६१ मधले, बहुतेक कृष्णवर्णीय तरुणांचे, चार-पाच आवाजांचे. येणारी मंडळी नाट्यसंगीत आणि ख्यालावर वाढलेली आहेत, त्यामुळे निवेदन धड मराठीत हवं. दोन शब्दांपाशी गाडी अडलीय.

एक म्हणजे 'डू-वॉप', याच गाण्यांना पडलेलं नाव. हा प्रकार मराठीत काय म्हणून सांगावा? 'निरर्थक अक्षरांचं गाणं' म्हटलं तर लोक हसून मोकळे होतील.

दुसरं, निमंत्रणात मी 'उपेक्षित गायकवृंद' असं लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "उपेक्षा केली कुणी?" मी गप्प. दुर्लक्षित, विस्मृत, अज्ञात... काय लिहू?

शाहिरी_अंगण

पहिल्याचं उत्तर घरातच आहे की. झील! पोवाड्यात शाहीर चौक (कडवं) म्हणतो आणि मागचे झीलकरी 'जी जी रं जी जी' करत तो उचलून धरतात. त्या 'जी जी'ला कोशात काय अर्थ आहे? पण ती काढून टाका, पोवाडा आडवा होईल. 'झीलगान' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

शंकासूर

मग तराणा का नको? तोम, तनन, दीर दीर. तिथेही अर्थाच्या नावाने शंखच. आणि तुमच्या ख्यालवाल्या मंडळींना लगेच कळेल.

जुना_ग्रामोफोन

तराणा नको. तराण्यात ती अक्षरं हीच चीज असते आणि मुख्य गायकच ती गातो. इथे मुख्य गायकाच्या तोंडी सरळसोट शब्द असतात आणि अक्षरं मागच्यांकडे असतात. जागा बदलली की कामही बदलतं.

झील बरीच जवळची आहे, पण एक खोच आहे. शाहिराची ओळ संपत आली की झीलकरी ती उचलतात, आणि साधारण एकाच सुरात उचलतात. व्होकल ग्रुपमध्ये लीड (मुख्य गायक) गात असतानाच मागचे तिघे-चौघे वेगवेगळ्या सुरांवर उभे असतात. तळाला खर्जातला बेस, त्याच्यावर बॅरिटोन, मग दुसरा टेनर, आणि सगळ्यांच्या वर बहुधा फॉल्सेटोत (कृत्रिम बारीक आवाजात) पहिला टेनर. झील म्हटल्यावर त्यांचं काम कळतं, बांधणी कळत नाही.

अक्षरांसाठी मात्र मराठीत नेमका शब्द आहे : बोल. तबल्याचे बोल म्हणतो ना आपण, तोच. कारण ही अक्षरं आली आहेत वाद्यांच्या जागी. ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स १९३० च्या दशकात एक गिटार घेऊन ट्रम्पेट आणि ट्यूबाचे आवाज तोंडाने काढायचे. महायुद्धानंतर न्यूयॉर्क, बाल्टिमोर, शिकागो इथल्या वस्त्यांमधली पोरं रस्त्याच्या कोपऱ्यावर, इमारतींच्या जिन्यांत, शाळेच्या बाथरूममध्ये गायला लागली (बाथरूममध्ये आवाज घुमतो म्हणून). वाद्यं परवडत नव्हती. बेसवाला 'डूम', 'बॉम' करतो तो डबल बेसच्या तारेचा ठोका. 'वॉप', 'वा' हे ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचे, फटकारे. आणि मूनग्लोज नावाच्या ग्रुपने तर मायक्रोफोनवर हलकी फुंकर मारत 'ऊ' धरायची रीत रूढ केली, तिला 'ब्लो हार्मनी' म्हणतात. तो 'ऊ' कानाला स्वरापेक्षा श्वासासारखा लागतो.

तेव्हा 'निरर्थक अक्षरं' खोडा आणि 'वाद्यांचे बोल गळ्यातून' असं लिहा. कुणी हसणार नाही.

रानजाई

बोल! हे सुचायला हवं होतं. म्हणजे 'डू-वॉप' हा शब्द तसाच ठेवायचा?

जुना_ग्रामोफोन

ठेवा, पण शीर्षकात ठेवू नका. का ते जरा लांबण लावून सांगतो.

हे संगीत ऐन भरात होतं तेव्हा त्याला कुणी डू-वॉप म्हणत नव्हतं. ते बोल गाण्यांत होते, उदा. फिलाडेल्फियाच्या टर्बन्सचं १९५५ चं 'व्हेन यू डान्स' किंवा न्यू हेवनच्या फाइव्ह सॅटिन्सचं १९५६ चं 'इन द स्टिल ऑफ द नाइट'. (हे दुसरं एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालंय. ऐकताना तळघर ऐकू येतं.) पण प्रकाराचं नाव म्हणून शब्द छापून आला तो १९६१ मध्ये, 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात. तो सर्वदूर झाला १९७० च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये गस गॉसर्ट नावाचे रेडिओ निवेदक जुन्या तबकड्या वाजवत होते तेव्हा. शब्दाचं श्रेय त्यांना दिलं जातं, पण ते स्वतः म्हणायचे की हा शब्द कॅलिफोर्नियात आधीपासून चालू होता.

म्हणजे नाव पडलं ते उतरणीवर, आणि पडलं मागच्यांच्या तोंडच्या बोलावरून. त्याचा परिणाम असा झाला की ज्या गाण्यात बोल ठसठशीत, तेच या प्रकाराचं अस्सल उदाहरण ठरलं. पिट्सबर्गच्या मार्सेल्सनी १९६१ मध्ये 'ब्लू मून'च्या सुरुवातीला बेसच्या बोलांचा जो धुडगूस घातला, तो आता डू-वॉपचा चेहरा आहे. मला तो आवडतो, लग्नातल्या बँडसारखा उत्साह आहे त्यात. पण त्या चेहऱ्यामागे आधीचं सगळं मंद, आर्जवी गाणं झाकलं गेलं.

ओरिओल्स घ्या. बाल्टिमोरचा ग्रुप. 'इट्स टू सून टू नो', १९४८. गाणं लिहिलं डेबोरा चेसलर या तरुण मुलीने, आणि तीच त्यांची व्यवस्थापक होती. साथीला जवळजवळ काहीच नाही, गिटार ऐकू येते तेवढीच. मुख्य गायक सनी टिल असा गातो की मोठ्याने म्हटलं तर समोरची व्यक्ती उठून जाईल. मग मधल्या कडव्यात लीड बदलतो आणि जॉर्ज नेल्सनचा खडबडीत बॅरिटोन येतो. सनी टिल परत आला की तोच आवाज दुप्पट हळवा वाटतो. अख्ख्या गाण्यात एक 'डू' नाही की 'वॉप' नाही. याला डू-वॉप म्हणून ऐकवलंत तर लोक बोलांची वाट पाहत बसतील आणि गाणं निघून जाईल.

किंवा शिकागोच्या फ्लमिंगोजचं 'गोल्डन टिअरड्रॉप्स', १९५३. सॉली मॅकेलरॉयचा लीड, वर जॉनी कार्टरचा फॉल्सेटो. मागे लांब धरलेले स्वर, एकमेकांत विरघळणारे. लोकांना फ्लमिंगोज माहीत असतात ते १९५९ च्या 'आय ओन्ली हॅव आइज फॉर यू'मुळे, कारण त्यात 'डू-बॉप-श-बॉप' आहे! तेही अप्रतिमच आहे, वाद नाही. पण सहा वर्षं आधीचं ते दुसरं कुणी लावत नाही.

जुने संग्राहक आजही 'व्होकल ग्रुप' किंवा 'ग्रुप हार्मनी' म्हणतात आणि 'डू-वॉप' म्हटलं की नाक मुरडतात. शीर्षकात 'व्होकल ग्रुप' ठेवा. मराठीच हवं तर 'स्वरमेळाचे गट'. 'गायकवृंद' नको, त्याने पन्नास जणांचं समूहगीत डोळ्यांसमोर येतं.

शंकासूर

नाक मुरडण्याएवढा वाईट शब्द आहे का? आणि खरं सांगू, मला सगळी गाणी सारखीच वाटतात.

जुना_ग्रामोफोन

वाईट नाही, अपुरा आहे. आणि आता तो कुठच्या कुठे पोचलाय! न्यू जर्सीत वाइल्डवूड नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या १९५०-६० च्या दशकांतल्या निऑन पाट्यांच्या, तिरक्या छपरांच्या मोटेल्सच्या शैलीलाच 'डू-वॉप वास्तुशैली' म्हणतात.

'सारखीच वाटतात' यालाही कारण आहे. १९५५ नंतरची ढीगभर गाणी एकाच चार कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या) चक्रावर आहेत : सा, मग ध मायनर, मग म, मग प. पियानोवर सी, ए मायनर, एफ, जी. गल्लीतल्या पोरांना ते पटकन बसायचं. ओरिओल्स, स्वॅलोज, फाइव्ह कीज ही आधीची मंडळी मात्र ३२ मात्रांच्या जुन्या गीतबांधणीत गायची, म्हणून त्यांच्यात तो सारखेपणा नाही. तुम्ही ऐकलेली गाणी बहुधा नंतरची असणार.

मडगावकर

३२ मात्रा नव्हे, ३२ बार. एका बारात चार मात्रा. ख्यालवाल्यांसमोर मात्रा म्हणालात तर हिशेब मागतील. बाकी गोव्यात मांडो गाताना दोन आवाज तिसऱ्या सुराच्या अंतराने जातात, आणि चर्चच्या कॉयरमध्ये चार आवाज. आमच्या आज्या त्याला 'सेगुंद' धरणं म्हणायच्या. बैठकीत कुणी गोंयकार असेल तर त्याला वेगळं समजावायला नको.

जुना_ग्रामोफोन

बार, बार. मान्य.

शाहिरी_अंगण

माझी झील बुडालीच म्हणा! असो. पण दुसऱ्या प्रश्नाचं काय? 'उपेक्षित' काय वाईट आहे?

तबकडी

त्यावर मी बोलते, कारण मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. रानजाईताई, तुमच्या सभासदांनी अगदी वर्मावर बोट ठेवलंय. 'उपेक्षित' म्हटलं की कर्ता गायब होतो. या ग्रुपांच्या बाबतीत कर्ता कधी असतो, कधी नसतो. म्हणून एक शब्द सगळ्यांना पुरणार नाही.

ब्रॉन्क्सच्या कॉर्ड्सचं 'श-बूम' घ्या, १९५४. त्यांचं स्वतःचं गाणं. ते चढायला लागलं तसं कॅनडाच्या क्रू कट्स या गोऱ्या चौकडीने मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीसाठी तेच गाणं गायलं आणि देशात पहिल्या क्रमांकावर नेलं. मूनग्लोजचं 'सिन्सिअर्ली' निघालं त्याच वर्षी, आणि १९५५ मध्ये ते मॅक्ग्वायर सिस्टर्सनी पहिल्या क्रमांकावर नेलं. मूनग्लोजचं पहिल्या क्रमांकावर गेलं ते फक्त आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, वेगळ्या यादीत. याला दुर्लक्ष म्हणत नाहीत. याला मराठीत 'डावलणं' म्हणतात. डावलताना समोरचा दिसत असतो.

इथेच 'कव्हर' या शब्दाची गंमत सांगते, कारण निवेदनात तो येणारच. आज आपल्याकडे कव्हर म्हणजे कुणीतरी घरात गिटार घेऊन जुनं गाणं आवडीने गातो ते. १९५४ मध्ये कव्हर म्हणजे धंदा होता. मूळ तबकडी दुकानात असतानाच, त्याच आठवड्यांत, गोऱ्या श्रोत्यांसाठी दुसरी काढायची. गाण्याला कॉपीराइट होता, पण आवाजांच्या मांडणीला संरक्षण नव्हतं, त्यामुळे बोलांसकट सगळं उचलता यायचं. गाणं लिहिणाऱ्याला काही मिळालं तर मिळालं, मूळ गाणाऱ्यांना त्या विक्रीतला छदाम नाही. नुसतं 'कव्हर' म्हणालात तर ऐकणाऱ्यांना ती आदरांजली वाटेल. 'प्रतिगायन' वगैरे नको, सरळ 'त्याच आठवड्यांत बाजारात आणलेली दुसरी आवृत्ती' म्हणा.

पेंग्विन्सची गोष्ट आणखी वेगळी. लॉस अँजेलिसचे. 'अर्थ एंजल', १९५४, एका गॅरेजमध्ये मुद्रित झालेलं. गाणं गाजल्यावर मर्क्युरीला ते हवे होते. त्यांचे व्यवस्थापक बक रॅम यांनी अट घातली की माझा दुसरा ग्रुपही घ्या. तो दुसरा ग्रुप म्हणजे प्लॅटर्स. प्लॅटर्स जगभर पोचले आणि पेंग्विन्सना मर्क्युरीत एकही मोठं यश नाही. यांना 'मागे पडलेले' म्हणेन मी.

आणि हार्पटोन्स! विली विन्फील्डचा लीड, राउल सीटाची स्वरयोजना. 'अ संडे काइंड ऑफ लव्ह' ऐकलंत की कळेल, न्यूयॉर्कचे अर्धे ग्रुप यांच्याकडे बघून शिकले. पण 'बिलबोर्ड' या संगीत-साप्ताहिकाच्या आर अँड बी यादीत त्यांची एकही तबकडी नाही. मात्र ते विस्मृत नाहीत हं, संग्राहकांच्या ओठांवर पहिलं नाव त्यांचंच असतं. हे 'दुर्लक्षित'.

डेट्रॉइटचे नोलन स्ट्राँग आणि डायाब्लोज हे आणखी निराळे. फॉर्च्यून ही एका जोडप्याने चालवलेली चिमुकली कंपनी. 'द विंड', १९५४. आवाज इतका उंच आणि पातळ की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बाई गातेय असं वाटतं. प्रसिद्ध गायक स्मोकी रॉबिन्सन त्या आवाजाला गुरुस्थानी मानतात. पण कंपनीचा हात शहराबाहेर फारसा पोचत नव्हता. तिथे 'गावापुरते राहिलेले' हेच बरोबर.

रानजाई

तबकडीताई, हे नुसतं शब्दांचं उत्तर नाही, माझ्या बैठकीचा क्रमच लागला. डावललेले, मागे पडलेले, दुर्लक्षित, गावापुरते राहिलेले. चार भाग करते. एक छोटी शंका : 'आर अँड बी' म्हटलं तर चालेल?

तबकडी

फोड करून 'रिदम अँड ब्लूज' म्हणा. 'आर अँड बी' म्हणालात तर सभासदांच्या नातवंडांना गेल्या तीस वर्षांतलं गुळगुळीत काहीतरी आठवेल, तो शब्द आता तिकडे गेलाय. आणि एक वाक्य जरूर घाला : बिलबोर्डने हे नाव जून १९४९ मध्ये स्वीकारलं. त्याआधी त्या यादीचं नाव 'रेस रेकॉर्ड्स' होतं. ग्रामोफोन यांनी सांगितलेलं ओरिओल्सचं १९४८ चं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्या 'रेस' यादीत.

शंकासूर

अवांतर : रेव्हन्स, ओरिओल्स, क्रोज, स्वॅलोज, फ्लमिंगोज, पेंग्विन्स, रॉबिन्स. सगळे पक्षीच? निवेदनात 'हळद्या' वगैरे भाषांतर करून टाका, मजा येईल.

जुना_ग्रामोफोन

रेव्हन्स १९४६ चे, त्यांच्या जिमी रिक्सच्या खर्जाने आधी नाव काढलं. मग ओरिओल्स आले आणि पुढे थवाच. पक्षी संपले तेव्हा गाड्या सुरू झाल्या : कॅडिलॅक्स, एल डोराडोज, इम्पालाज.

भाषांतर मात्र नको. ओरिओल हा मेरीलँडचा राज्यपक्षी, म्हणून बाल्टिमोरच्या मुलांनी ते नाव घेतलं. आणि तो आपला हळद्या नव्हेच, दोघांचं कूळही वेगळं आहे. युरोपातून गेलेल्यांना रंग ओळखीचा वाटला म्हणून नाव चिकटलं. स्वॅलोजना पाकोळी केलंत तर कुणीतरी पक्षिमित्र उठून भिंगरी म्हणेल, आणि गाणी राहतील बाजूला.